वय वर्षे अडतीस, चान्सेस किती?

सर्वप्रथम अभिनंदन. वाकडच्या फ्लॅटचे अजून बारा वर्षांचे हप्ते डोक्यावर असताना तुम्हाला बिझनेस स्कूलमध्ये जायचं आहे. कारण आम्ही विचारत नाही. परवाच्या अप्रेझलनंतर तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान पोरगा तुमचा मॅनेजर झाला, हे आमच्या कानावर आलंय. अर्जात मात्र हे लिहायचं नाही. अर्जात तुम्हाला लहानपणापासून नेतृत्वाची ओढ आहे.

आता चान्सेस. ते विचारायचे असतील तर ज्याने जन्मात कुठे अर्ज केलेला नाही अशाच माणसाला विचारा. ज्यांना प्रवेश मिळाला ते ‘काही सांगता येत नाही रे’ म्हणतात. त्याचा काय उपयोग? उलट तुमचा मेहुणा प्रोफाइल न बघता ठाम आकडा देईल. आम्हीही देतो: चाळीस टक्के. पन्नास म्हटलं तर प्रश्न टाळल्यासारखं वाटतं, तीस म्हटलं तर तुम्ही रुसता. चाळिसात आशा राहते आणि क्लास लावायला जागाही राहते.

तपशिलात शिरण्याआधी एक सांगा, दहावीला किती होते? हसू नका. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, वयाची अट नाही, तेव्हा तुम्ही खुशाल बसा. शेजारच्या कॉम्प्युटरवर तुमच्या भाच्याच्या वयाचा मुलगा असेल आणि तो तुम्हाला पर्यवेक्षक समजून पेन मागेल. पण मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना बहुतेक आयआयएम कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजतात. म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही रात्री-अपरात्री उठून परदेशी बँकेची सिस्टीम उभी ठेवलीत ती एकीकडे, आणि मार्च २००३ मध्ये भूमितीच्या पेपरात प्रमेयाची सिद्धता अर्धवट सोडलीत ती दुसरीकडे. ‘दहावीचं वर्ष म्हणजे आयुष्याचं वर्ष’ असं आई म्हणायची तेव्हा तुम्ही मान डोलावून क्रिकेट खेळायला गेलात. माउली प्रवेश समितीच्या वतीने बोलत होती.

त्यातून तुम्ही इंजिनिअर, त्यातून पुरुष. बिगर-इंजिनिअरांना आणि मुलींना अनेक आयआयएम थोडे जादा गुण देतात, आणि खरं सांगायचं तर बरंच करतात. ‘आमच्या क्लायंटचं असं झालं होतं’ हे एका वर्गात किती जणांनी सांगायचं, याला काही मर्यादा?

मग तुमच्यासारख्या मुरलेल्या मंडळींसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स २००६ पासून चालू आहे. किमान वय २५, पदवीनंतर किमान चार वर्षांचा अनुभव. कमाल किती, ते लिहिलेलं नाही. याचा आनंद जपून करा. जी अट कागदावर नसते ती मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर असते. ‘आत्ताच का?’ असं तो हसत हसत विचारेल. ‘आधी का नाही?’ असा त्याचा अर्थ.

इथे जीमॅट किंवा जीआरई ही आंतरराष्ट्रीय प्रवेशपरीक्षा लागते. तुम्ही २०१७ मध्ये जीमॅटला ७०० आणले होते, ते तुमच्या लिंक्डइनवर आजही झळकतंय. तो स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून ती जुनी परीक्षाच उरलेली नाही. नव्या परीक्षेत गुण २०५ ते ८०५, प्रत्येक आकड्याच्या शेवटी पाच. जुने ७०० म्हणजे नव्यात साधारण ६४५. हे घरी समजावून सांगायला जाऊ नका. ‘म्हणजे कमी पडले ना?’ एवढंच सासरेबुवांच्या लक्षात राहील.

आता लीडरशिप. ऑफिसात तुमच्या हाताखाली दोन जण होते, पैकी एक नोटीस पीरियडवर. घाबरू नका, सोसायटी आहे. उन्हाळ्यात टँकर कोण बोलावणार यावरून ए आणि बी विंगमध्ये जुंपली तेव्हा तुम्ही सेक्रेटरी होता. ते झालं ‘संसाधनांच्या टंचाईत परस्परविरोधी गटांचं व्यवस्थापन’. गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब जुळेना म्हणून उरलेला फरक स्वतःच्या खिशातून भरलात, तो ‘आर्थिक उत्तरदायित्व’. अमेरिकेत अर्ज केलात तर स्टॅनफर्डचा निबंध विचारतो की तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का. खरं उत्तर कव्हर्ड पार्किंग हे आहे. ते लिहिलंत तर कदाचित तो त्या वर्षीचा सर्वांत प्रामाणिक निबंध ठरेल आणि नकारही त्याच प्रामाणिकपणे येईल. तसंही तिथल्या आणि हार्वर्डच्या वर्गात सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा असतो. तुमच्याकडे त्याच्या तिप्पट आहे. जास्त माल दिला म्हणून गिऱ्हाईक खूश होतंच असं नाही.

खरी परीक्षा शिफारसपत्राची. तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हळूच विषय काढाल. साहेब म्हणतील, “अरे वा! तूच लिहून पाठव ना, मी टाकतो.” हे चालत नाही. स्कूल थेट साहेबांच्या ईमेलवर लिंक पाठवतं आणि उमेदवाराने स्वतःची शिफारस स्वतः लिहू नये अशी सक्त ताकीद असते. त्या फॉर्मात एक प्रश्न नेहमीचा: उमेदवाराला तुम्ही दिलेला सर्वांत महत्त्वाचा फीडबॅक कोणता, आणि त्यावर त्याने काय केलं? साहेबांनी पाच वर्षांत तुम्हाला दिलेला एकुलता एक फीडबॅक म्हणजे ‘टाइमशीट वेळेवर भरत जा’. त्यावर तुम्ही काय केलंत ते दोघांनाही ठाऊक आहे. शिवाय तुम्ही सोडून जायच्या बेतात आहात ही बातमी आता अधिकृतपणे वर पोचली. पुढच्या अप्रेझलची काळजी मिटली.

एवढ्यावर खचून जायचं कारण नाही. जिथे तुमचे चान्सेस पुरते १०० टक्के आहेत असेही ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम’ आहेत: ऑनलाइन, शनिवार-रविवार, शेवटी कॅम्पसवर दोन दिवस आणि त्या दोन दिवसांचे चारशे फोटो. माहितीपत्रकासाठी नुसता मोबाइल नंबर टाका. डबा उघडताच फोन येईल, “सर, आपकी प्रोफाइल शॉर्टलिस्ट हुई है.” प्रोफाइल म्हणजे तो नंबर. मग नो-कॉस्ट ईएमआय, माजी विद्यार्थ्याचा दर्जा, आणि आज रात्री बारापर्यंतच उरलेल्या शेवटच्या दोन जागा. पोळी-भाजी गार करून घेऊ नका. त्या दोन जागा पुढच्या गुरुवारीही उरलेल्याच असतील.