गाडी सर्व्हिसिंगला टाकताय? मग नुसतं ‘हो’ म्हणा

गणपतीला गावी जायचं म्हणून नुकतीच गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. बिल बघून डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा म्हटलं जे ज्ञान मिळालंय ते चार लोकांना वाटून टाकावं. गाडीची कुठली कामं पैसे देऊन करायची आणि कुठली नाही असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी उत्तर एकदम सोपं आहे. सगळी करायची.

सगळ्यात आधी, गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं ते उघडायचं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, राहू द्या तिथेच, जुन्या पीयूसी आणि टोलच्या पावत्यांच्या संगतीत. त्यात एक तक्ता असतो, किती किलोमीटरला काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं. असले तक्ते वाचले की माणसाला नको ते प्रश्न सुचतात. आणि ज्यांनी गाडी बनवली त्यांना गाडीतलं काय कळणार, काउंटरवर टॅबलेट घेऊन उभा असलेल्या पोराला जास्त कळतं, तो तर ‘सर’ पण म्हणतो.

‘फ्री सर्व्हिस’मध्ये फ्री काय असतं हे विचारू नका. वाईट दिसतं.

टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्याच. साध्या हवेत तो फक्त ७८ टक्के असतो, आणि ती हवा पेट्रोल पंपावर फुकट मिळते, म्हणजे ती चांगली कशी असेल?

इंजिन ड्रेसिंग करा. बोनेटखाली स्प्रे मारून सगळं चकचकीत करून देतात. मग रोज सकाळी चहा घेऊन खाली उतरायचं, बोनेट उघडून बघत बसायचं, पैसे वसूल.

उंदरांचा स्प्रे तर मारूनच घ्या. ह्या स्प्रेचं शास्त्र फार पुढे गेलेलं आहे. उंदरांनी वायर खाल्ली नाही तर ती स्प्रेची कमाल, आणि खाल्ली तर ‘सर, इफेक्ट संपला असेल, रिपीट करायला लागतो’. तंबाखूची पुडी बांधणारे आमच्या सोसायटीतले काका उगाच मागे राहिले. (उंदीर दोघांच्याही गाडीत आहेत, ते सोडा.)

अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग. हे पुण्यात फार गरजेचं, कारण समुद्र कधी बाणेरपर्यंत येईल सांगता येत नाही. मालवण, रत्नागिरी, गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याची गाडी बारा महिने उभी असते त्याने केलं तर मी समजू शकतो, खारी हवा पत्रा कशी खाते ते आम्ही गावी बघितलेलं आहे. पण आपल्याला काय, आपण ऑफिसच्या बेसमेंटमधून घरच्या बेसमेंटमध्ये जातो, तरी दर वर्षी करून घ्यायचं.

आता मुख्य मुद्दा, फोन. गाडी सोडून तुम्ही ऑफिसला पोचता, मीटिंगला बसता आणि बरोब्बर तेव्हा फोन येतो. ‘सर, गाडी ओपन केलीय.’ हा आवाज ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांशी बोलतात तसा असतो. सर, थ्रॉटल बॉडीला कार्बन आहे, इंजेक्टर क्लीनिंग रेकमेंड करतोय, इंजिन फ्लश पण करून घेऊ, एसीचं ट्रीटमेंट ड्यू दाखवतंय, बॅक्टेरिया असतात सर, घरात लहान मुलं आहेत का? म्हणजे आता नाही म्हणालात तर तुम्ही नुसते कंजूस नाही, बाप म्हणून पण नालायक. मी विचारलं की बाबा गाडी रेस घेत नाही का, आयडलिंगला थरथरतेय का, ॲव्हरेज पडलंय का, मी तर असली काही तक्रार लिहूनच दिलेली नाही. तर म्हणे ‘प्रिव्हेंटिव्ह आहे सर’. बरं, इंजिन फ्लश कशाला? ऑइलमध्ये मुळात डिटर्जंट असतंच, वेळेवर बदलत राहिलं तर आतली घाण ते स्वतःबरोबर घेऊन बाहेर पडतं, त्याच्यासाठीच तर दर वर्षी बदलतो ना आपण? त्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. केबिन फिल्टरचा, म्हणजे एसीची हवा गाळतो त्याचा. काळाकुट्ट, त्यात वाळकी पानं, मधमाशी का काहीतरी मेलेलं. खाली लिहिलेलं, ‘युवर व्हेईकल कंडिशन’.

आता गंमत अशी की तो फिल्टर मी मे महिन्यात स्वतः बदललेला. ऑनलाइन मागवला, दोन-तीनशे रुपयांना आला, ग्लोव्ह बॉक्स खाली पाडायचा, झाकणाच्या क्लिपा काढायच्या, जुना ओढायचा, बाणाची दिशा बघून नवा सरकवायचा, पाच मिनिटांचं काम, माझा दहावीतला मुलगा पण करतो. मी म्हटलं हा फोटो माझ्या गाडीचा नाहीये. तर तो म्हणतो, ‘हो सर, रेफरन्ससाठी पाठवतो आम्ही, कस्टमरला आयडिया यावी म्हणून.’ रेफरन्ससाठी! म्हणजे उद्या मी रक्त तपासायला गेलो तर शेजारच्याचा रिपोर्ट हातात देणार, आयडिया यावी म्हणून?

तरीही एसी ट्रीटमेंट झालंच. का, तर मी फोनवर बोलत असतानाच एस्टिमेटची लिंक आली होती आणि घरच्या नंबरवर मंजुरीचा ओटीपी गेला होता आणि ‘सर्व्हिस सेंटरमधून आहे’ म्हटल्यावर बायकोने देऊन टाकला. तिला काय माहीत. ह्यांना बरोबर माहीत असतं दुसरा नंबर कोणाचा आहे ते.

संध्याकाळी बिल. कन्झ्युमेबल्स नावाची ती ओळ होतीच, त्यात काय कन्झ्यूम झालं ते कोणी सांगत नाही, वर १८ टक्के जीएसटी. ते पण सोडून दिलं मी. रात्री घरी येऊन ते पिशवीतलं पुस्तक काढलं आणि तक्ता आणि बिल शेजारी शेजारी ठेवून बघितलं. एसीत मारलेला फोम आहे, फ्लश आहे, ड्रेसिंग आहे, आणि ब्रेक फ्लुइड, जे ह्या सर्व्हिसला बदलायचं असं कंपनीने छापून दिलंय, तेच नाही. फोन केला तर ‘टॉपअप केलंय सर, लेव्हल ओके आहे’.

अरे लेव्हलचा प्रश्नच नाहीये! ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून तर बऱ्याच गाड्यांना साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात. पाणी शिरलं की ते कमी तापमानाला उकळतं, ताम्हिणी नाहीतर कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक मारून मारून तापले की आत वाफ होते आणि पेडल भुसकन खाली जातं. गाडीत माझी म्हातारी आई असणार होती. बदलायचा खर्च ह्यांच्या त्या एसीच्या फोमपेक्षा कमी, पण फोमवर टार्गेट आहे आणि ब्रेकवर नाही, म्हणून फोम मारला आणि ब्रेक तसेच ठेवले. हे मला विनोदी वाटत नाही, सॉरी.

मग दुसऱ्या दिवशी तोच मुलगा परत फोन करतो, ‘सर फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कट होतो.’ त्या पोराचा राग नाही येत मला, त्याला वरून आकडा दिलाय, तो गाठला नाही तर पगार कापतात. राग येतो तो वर बसून आकडा देणाऱ्यांचा. एकीकडे पुस्तकात छापायचं की एवढंच करा, आणि दुसरीकडे आपल्याच डीलरला पुस्तकात नसलेलं विकायला लावायचं.

आणि तुम्ही-आम्ही काय शहाणे आहोत? मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून भांडतो, मोबाइल घेताना आठवडाभर रिव्ह्यू बघतो, आणि दहा-बारा लाखांची गाडी म्हटलं की त्या पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडत नाही. ऑइल आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदला, बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, त्यात काटकसर करू नका. ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, कूलंट पुस्तकात लिहिलंय तेव्हा करा. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावर फिरत असाल तर थोडा आधी. चाकांचं अलाइनमेंट गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडून झिजत असेल तर जरूर करा, मुंबई-गोवा हायवेवरून आला असाल तर विचारू पण नका, सरळ करा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर संपला, मग समृद्धीवर १२० ने जायच्या गप्पा नकोत, आणि हवा थंड टायरमध्ये स्वतः चेक करा. एवढं सगळं करूनही ते ‘पॅकेज’पेक्षा स्वस्त पडतं. बाकी कोणी काही सुचवलं तर विचारा, गाडीला काय त्रास होतोय म्हणून हे करायचं? आणि बदललेले पार्ट डिकीत टाकून द्यायला सांगा. देत नसतील तर का देत नाहीत ते काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, लाजू नका, लाजायचं त्यांनी आहे.

आणि घरच्यांना सांगून ठेवा. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ओटीपी देत नाही ना? मग ह्यांना कशाला देता!