खिडकीतली आगगाडी

रविवारी टपरीवर मास्तरांनी चहाच्या पेल्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि १९०३ सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ लावला. जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट. तो संपायच्या आतच वाद पेटला.

“सगळं खोटं हो मास्तर,” बाळ्या म्हणाला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. “म्हणे काउबॉयचा पिक्चर! टेक्सास नाही न् काही नाही, न्यूयॉर्कशेजारी न्यू जर्सीत उरकलाय.”

“उरकलाय म्हणू नकोस. दिग्दर्शक एडविन पोर्टर एडिसनच्या कंपनीत नोकरीला होता. स्टुडिओ न्यूयॉर्कात, मग रान आणि रूळ जवळचेच घेणार ना? गाडी तर खरी आहे.”

“गाडी खरी, पण डोक्यात कोळशाचा दगड घालून खाली फेकतात तो बाहुला! सरळ कळतं.”

इथे मला गप्प बसवेना. बाहुला कळतो, कबूल. पण तार ऑफिसचा सीन बघ ना. दरोडेखोर तारवाल्याला पिस्तूल दाखवताहेत आणि मागच्या खिडकीतून गाडी येऊन थांबते. ते ऑफिस म्हणजे स्टुडिओतला सेट. तिथे गाडी येणार कुठून? खिडकीचा भाग झाकून आधी माणसं घेतली, मग त्याच फिल्मवर त्या जागी गाडी घेतली.

बाळ्याने सीन मागे नेला. दोनदा पाहिला.

“मास्किंग आहे हे,” तो हळूच म्हणाला. “मी रोज करतो. पण माझं चुकलं तर मी अनडू मारतो.”

तेच तर! पोर्टरचं चुकलं असतं तर आधीचं चांगलं कामही त्याच फिल्मबरोबर गेलं असतं.

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. चोर लूट घेऊन घोड्यांवरून पसार होतात, आणि पोर्टर त्यांना सोडून परत तार ऑफिसात येतो. तारवाल्याची लहान मुलगी येते, बापाचे दोर कापते, तोंडावर पाणी मारते. चोर तिकडे पळताहेत, हे आपण मनात धरून इथे थांबतो. प्रेक्षक एवढं धरून ठेवील, हा भरवसा त्या काळी टाकणं सोपं नव्हतं.

“आणि तो गोळी झाडणारा?” मास्तरांनी विचारलं. जस्टस बार्न्स, दरोडेखोरांचा म्होरक्या, थेट कॅमेऱ्यावर पिस्तूल रोखतो. तो तुकडा सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, अशी मुभाच कंपनीने खेळ लावणाऱ्यांना दिली होती.

“सुरुवातीला,” बाळ्या म्हणाला. “माणूस बसल्या जागी खिळला पाहिजे.”

मी म्हटलं, शेवटी. टोळीतला एकूण एक मेलेला आपण नुकताच पाहिलेला असतो, आणि तरी हा समोर उभा राहतो.

“मेलेला उठतो कसा मग?” बाळ्या पुन्हा तावातावाने, आणि मास्तरांनी आणखी तीन चहा सांगितले.