छेदातली करणी इतकी खुपते का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा मुद्दा असा : १/√२ आणि √२/२ ही एकच संख्या, तरी १/√२ लिहिलं म्हणून नववीतल्या तुमच्या मुलीचा अर्धा गुण कापला. कॅल्क्युलेटर हाताशी असताना परिमेयीकरणाचा, म्हणजे छेदातली करणी (√२ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ) घालवण्याचा हट्ट म्हणजे निव्वळ कर्मकांड, आणि माझ्या लेखाने त्याचीच तळी उचलली.

अर्ध्या गुणाबाबत मी तुमच्या बाजूने आहे. प्रश्नात ‘छेदाचे परिमेयीकरण करा’ असं नसेल तर १/√२ हे उत्तर बरोबरच. ‘छेदात करणी ठेवायचीच नाही’ असं मी लेखात ठोकून दिलं होतं, ते वाक्य काढतो.

पण कर्मकांड म्हणू नका. १ ला √२ ने, म्हणजे १.४१४२१३५६ ने, कागदावर भागून बघा, घाम फुटेल. तेच १.४१४२१३५६ चं निम्मं करा : ०.७०७१०६७८, तोंडी झालं. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ.स. ११५०) करणींच्या भागाकाराची रीत आहे : भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटवा आणि त्याने भाज्य-भाजक दोघांना गुणा. आपली अनुबद्ध जोडी (√५ + √२ आणि √५ − √२ अशी, फक्त मधलं चिन्ह वेगळं असलेली) ती हीच.

बरं, कॅल्क्युलेटरवरच या. वाण्याकडे असतो तसला आठ आकड्यांचा घ्या आणि √१०००१ मधून √१०००० वजा करा. पहिलं वर्गमूळ पडद्यावर १००.००४९९, दुसरं १००, म्हणून उत्तर ०.००४९९. खरं उत्तर आहे ०.००४९९९८७… आठातले पाच आकडे १०० आणि त्यापुढच्या दोन शून्यांनीच खाल्ले, हातात उरले तीन. आता अनुबद्ध करणीने वर-खाली गुणून तीच वजाबाकी १/(√१०००१ + √१००००) अशी लिहा. १ भागिले २००.००४९९, म्हणजे ०.००४९९९८. यंत्र तेच, आकडे पाच हाती आले. आणि गंमत बघा, इथे आपण करणी अंशातून छेदात ढकलली, शाळेतल्या नियमाच्या बरोबर उलट! तेव्हा करणी वर की खाली, यावर मी भांडणार नाही. जोडी ओळखता यावी, एवढाच माझा आग्रह.

बेरजेतही तेच. √८ + १/√२ बघून काही सुचत नाही. २√२ + √२/२ लिहिलं की ५√२/२ समोरच दिसतं.

तुम्ही लिहिलंय की १/(√५ + √२) मध्ये तिने वर-खाली √५ + √२ नेच गुणलं आणि छेदात ७ + २√१० येऊन बसलं. ही चूक दर वर्षी निम्मा वर्ग करतो. तिला सध्या अपूर्णांक देऊच नका. नुसतं (√५ + √२)(√५ − √२) एकेक पद उलगडून करू द्या, सूत्र न वापरता. मधली √१० एकदा वजा, एकदा अधिक येऊन उडते आणि ३ उरतात. ती तिच्या हातून दोनचारदा उडली, की मग छेद दाखवा.