आधी केबलची वाट, मग सर्व्होची जागा

लांबच्या प्रवासाला मोटरसायकल काढणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. सांगली, मिरज, कराड, सातारा, सगळीकडच्या ओळखीच्यांनी मला तो पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मोटरसायकलवर क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ न धरता ठरवलेला वेग आपोआप राखणारं यंत्र, बाहेरून बसवायला जागाच नसते. त्यातला थ्रॉटल ओढणारा सर्व्हो थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) लागूनच हवा आणि टाकीखाली तर बोटही शिरत नाही. एक-दोन सिलिंडरच्या इंजिनात सर्व्होला पुरेल एवढा व्हॅक्यूम (इंजिन हवा आत घेताना होणारा ओढा) नसतो. मध्येच अडकला तर गाडी सुसाट सुटते. नव्या गाड्यांत तर तो बसतच नाही. तेव्हा थ्रॉटल लॉक (मूठ आहे त्या कोनात धरून ठेवणारी छोटी वस्तू) लावा, काम तेच आणि खर्च किरकोळ.

मी हे वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या उजव्या मनगटात प्लेट आहे. सांगलीहून निघालो की पेठ नाक्यापर्यंत काही जाणवत नाही. हायवेला लागून कराड, उंब्रज मागे पडलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं, आणि सातारा येईपर्यंत ब्रेकच्या लिव्हरवर बोटं नीट आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागते. क्रूझ कंट्रोल बसवल्यापासून मी पुन्हा बंगळूरपर्यंत जायला लागलो. माझ्यासारखे बरेच जण असतील. हा मजकूर वाचून त्यांनी लांबचा प्रवासच सोडू नये, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा जागेचा. हा मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक मोठा डबा आहे, आणि तो डबा अख्खा टाकीखाली घालायचाय. प्रत्यक्षात क्रूझ कंट्रोल म्हणजे पाच-सहा सुटे भाग असतात: थ्रॉटल ओढणारा सर्व्हो, त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू (काही किटमध्ये तो सर्व्होच्याच अंगात असतो), व्हॅक्यूम साठवायची टाकी, वेग मोजणारा सेन्सर, हँडलवरची बटणं आणि या सगळ्यांना जोडणारी वायरिंग. हे एकमेकांशेजारी बसले पाहिजेत असं कुठेही नाही. यातला खरा जागा खाणारा एकच, सर्व्हो. व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो साधारण पाणी प्यायच्या तांब्याएवढा असतो. टुरिंगच्या गाडीवर एका तांब्याला जागा नाही, हे मला पटत नाही.

पण जागा बाहेरून बघून कळत नाही. सीट काढा, दोन्ही साइड पॅनल काढा, टाकीचा मागचा बोल्ट सोडून टाकी उचला. मग पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा सर्व्होच्या मापाचा ठोकळा करा आणि तो घेऊन गाडीभोवती फिरा. मी हे माझ्या ६५० सीसीच्या ट्विनवर (दोन सिलिंडरच्या गाडीवर) दोन रविवार केलं. साइड पॅनलच्या मागे, सीटच्या शेपटाखाली टेललाइटच्या अलीकडे, पॅनिअरचा (बाजूच्या सामानपेटीचा) रॅक आणि सबफ्रेम (सीटखालची फ्रेम) यांच्या मधल्या पोकळीत, फेअरिंग (पुढचं आवरण) असेल तर तिच्या आत, सगळीकडे ठोकळा धरून बघितला. शेवटी जागा सापडली ती टूलकिटची. कंपनीनं पान्यांसाठी पाण्यापासून आणि चिखलापासून जपलेला एक कोनाडा आयता ठेवलेला असतो. पाने कापडात गुंडाळून पॅनिअरमध्ये गेले, कोनाडा मोकळा झाला. बीएस-सहाच्या गाडीत पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर असतो. जागेसाठी तो काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात ऐकू नका, तो प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे.

'सर्व्हो थ्रॉटल बॉडीला लागूनच हवा' हा दुसरा मुद्दा. सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सर्व्हो आणि थ्रॉटल यांच्यात केबल असते. ती दीड-दोन फुटांची असली तरी चालते, फक्त तिला गचका देणारं वळण नको. म्हणून शोध सुरू करायचा तो सर्व्होच्या जागेपासून नव्हे, केबलच्या वाटेपासून. थ्रॉटलच्या पुलीवर केबल कोणत्या बाजूनं सरळ शिरेल ते आधी ठरवा. तिथून मोठ्या, निवांत वळणानं ती कुठे पोचते ते बघा. ती जिथे पोचेल तिथेच सर्व्होची जागा शोधायची. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. सुंदर जागा सापडली म्हणून सर्व्हो तिथे ठेवला आणि मग केबल फ्रेमच्या नळीला वळसा घालून आणली. आतली तार बाहेरच्या आवरणाला घासायला लागली आणि थ्रॉटल सोडल्यावर परत यायला अर्धा क्षण उशीर व्हायला लागला. मोटरसायकलवर हा अर्धा क्षण परवडत नाही. सगळं उतरवलं. दुसऱ्या वेळी केबल टाकीखालून फ्रेमच्या मुख्य नळीला समांतर नेली, थ्रॉटल पूर्वीसारखा फटकन बंद झाला. पुलीवर जागाच नसेल तर दुसराही रस्ता आहे. काही किटमध्ये मूळ थ्रॉटल केबल मध्येच तोडून तिथे एक छोटी जोडपेटी बसवतात. मुठीची केबल आणि सर्व्होची केबल दोन्ही त्या पेटीत येतात आणि पुढे एकच केबल थ्रॉटलला जाते. ही पेटी टाकीखाली कुठेही निघते, थ्रॉटल बॉडीला हात लावावा लागत नाही.

जागेला आणखी तीन परीक्षा आहेत. सायलेन्सरची धग, हँडलची फिरत आणि मागच्या चाकाची उसळी. धगीचं मला चांगलंच ठाऊक आहे. सुरुवातीला मी हे काम एका गॅरेजला दिलं होतं, त्यांनी व्हॅक्यूमची रबरी नळी एक्झॉस्टच्या पाइपाजवळून नेली. काही आठवड्यांत नळी कडक झाली, जोडाशी चीर गेली, आणि गाडी आयडलला धडधडायला लागली. बाहेरची हवा थेट इनटेकमध्ये (इंजिनच्या हवेच्या वाटेत) शिरत होती. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, मागे माणूस बसवून, पॅनिअर भरून प्रत्येक वायर आणि नळी ओढली जात नाही ना ते हातानं चाचपा. ब्रॅकेट मी कुपवाडच्या एमआयडीसीत तीन मिलिमीटरच्या पट्टीचं करून घेतलं. लेथवाल्या काकांनी पुठ्ठ्याचं टेम्प्लेट बघितलं आणि तासाभरात पट्टी वाकवून दिली. आपल्या भागात अशा कामाला माणूस मिळत नाही असं कुणी म्हणू नये.

व्हॅक्यूमचा मुद्दा अर्धा खरा आहे. कारच्या चार सिलिंडरला जो सलग ओढा असतो तो मोटरसायकलच्या एका-दोन सिलिंडरला नसतो, तो ठोक्याठोक्यानं येतो. शिवाय चढावर थ्रॉटल जास्त उघडला की इनटेकमधला व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे सर्व्होला जोर हवा असतो नेमक्या त्याच वेळी तो कमी मिळतो. यावर उपाय जुना आहे: वाटेत एकदिशा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम साठवायची टाकी. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीकडून नळी घ्या आणि प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह लावा. ही टाकी कुठली महागडी वस्तू नाही. माझी टाकी शेताला पाणी न्यायच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा आहे, दोन टोकांना टोपणं आणि सोल्युशन. आतून हवा ओढून घेतली की बाहेरून जास्तीत जास्त एका वातावरणाचा दाब येतो, तो पाइप सहज सोसतो. लांबट असल्यामुळे हा तुकडा सबफ्रेमच्या नळीला समांतर बसतो, गोल डब्यासाठी वेगळा कोपरा शोधावा लागत नाही. फक्त पीव्हीसीला उष्णता चालत नाही, म्हणून तो सायलेन्सरपासून लांब. आणि इंजिनचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीत टी आकाराचा जोड घालू नका, इंधनाचं गणित बिघडतं. ही सगळी झटापट नको असेल तर विजेच्या मोटरवर चालणारे सर्व्होही मिळतात, ते महाग पडतात.

'अडकला तर गाडी सुटते' ही भीती मी हलकी लेखत नाही. पण यंत्र कसं आहे ते बघा. व्हॅक्यूम सर्व्होतला हवा सोडणारा व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच बंद राहतो. ब्रेक दाबला, फ्यूज गेला किंवा वायर तुटली, तर तो आपोआप उघडतो आणि थ्रॉटल त्याच्या स्प्रिंगनं बंद होतो. धोका असतो तो जोडणीत. आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांचा टेललॅम्प एलईडी आहे, आणि काही जुन्या पद्धतीच्या किटना ब्रेकच्या वायरीतून बल्बच्या फिलामेंटमार्गे अर्थिंग मिळावं लागतं. एलईडीतून ते मिळत नाही. मग क्रूझ लागतच नाही आणि लोक म्हणतात किट खराब. तिथे एक रिले (विजेनं चालणारा स्विच) लावावा लागतो. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि क्लच, तिन्हींनी क्रूझ सुटतो का हे गाडी स्टँडवर असताना एकेक करून तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. वेगाचा सिग्नल घ्यायला एबीएसच्या वायरीला हात लावू नका. मागच्या स्प्रॉकेटच्या बोल्टवर लोहचुंबक आणि स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) सेन्सर, एवढं पुरतं.

आता थ्रॉटल लॉक. हा या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला आहे. लॉक मुठीचा कोन धरून ठेवतो, वेग नाही. कराड ते सातारा मोजून बघा, प्रत्येक उड्डाणपुलाच्या चढावर वेग घसरतो आणि उतरताना वाढतो. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार लागतो आणि पुढे ते एस आकाराचं वळण, जिथे किती अपघात झालेत ते इकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. लॉक लावलेली गाडी तिथे वेग वाढवत जाते. ब्रेक दाबला तरी लॉक सुटत नाही, तो हातानंच सोडावा लागतो. हात दोन मिनिटं झटकायला, बोटं मोकळी करायला लॉक ठीक आहे. त्याला क्रूझ कंट्रोल म्हणू नका. उतारावर क्रूझही ब्रेक लावत नाही हे खरं, पण तो थ्रॉटल पूर्ण बंद करतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं.

नव्या गाड्यांबद्दल तर उलटच खरं आहे. राइड-बाय-वायर (मुठीचा इशारा केबलऐवजी विजेच्या वायरीनं नेणारी रचना) असेल तर थ्रॉटलची केबलच नसते, ओढायला सर्व्हो लागत नाही, व्हॅक्यूम लागत नाही. मुठीचा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्या मध्ये बसणारं छोटं मॉड्यूल पुरतं, जागेचा प्रश्न जवळजवळ मिटतो. ते प्रत्येक मॉडेलसाठी निघत नाही, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला ते लावायच्या आधी शोरूमकडून लेखी विचारून घ्यावं. २०२५ मध्ये हीरोनं ग्लॅमर एक्स ही १२५ सीसीची गाडी कंपनीतूनच क्रूझ कंट्रोलसह आणली, त्याला पाया राइड-बाय-वायरचाच आहे. एवढ्याशा गाडीत ते मावलं.

कायद्याचंही कुणीतरी विचारलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करायला मनाई करतं. क्रूझ कंट्रोलनं इंजिन, चेसिस, इंधन यातलं काही बदलत नाही. वेगमर्यादा मात्र लक्षात ठेवा, चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला ८०. मी तेवढ्यावरच लावतो.

आणि कुठे लावायचा नाही तेही सांगतो. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर नाही, पावसात नाही, यवतेश्वरच्या घाटात नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की आष्टा-पेठ रस्त्यावर संध्याकाळनंतर तर मुळीच नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे दिवा नसताना उभा असतो आणि तो शेवटच्या पन्नास फुटांत दिसतो. तिथे उजवा हात मुठीवर आणि बोटं ब्रेकवरच हवीत, दुखली तरी.

तुमच्या गाडीची सीट काढून, पॅनल उघडून डाव्या आणि उजव्या बाजूचा एकेक फोटो मला पाठवा. केबल कुठून जाईल ते बघून सांगतो.