खर्च आपला, पाटी त्यांची

उद्या तुमच्या हाती उद्योगखातं आलंच (राजकारणात काय, काहीही होतं), तर एवढं ध्यानात ठेवा: डिजिटल गुंतवणूक ही जाहीर करायची असते. ती आली का, हे बघणं पुढच्या सरकारचं काम.

मुहूर्त जानेवारीचा, स्थळ स्वित्झर्लंडमधलं दावोस, जिथं जागतिक आर्थिक परिषद भरते. कंपनी आपल्याच राज्यातली असली तरी बर्फातच सही करा. घरच्या घरी केलेल्या कराराला वजन येत नाही.

प्रकल्प शेजारी गेला तर आकांत करा. 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा 1 लाख 54 हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा आपण कसे ऊर बडवत होतो! पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं. ज्या कारखान्यावरून दोन राज्यांत जुंपली, तो उभाच राहिला नाही. पण सभांना विषय पुरला.

कारखाना खरंच येत असेल, तर तिजोरी सैल सोडा. गुजरातेतल्या साणंदचा, मायक्रॉन या अमेरिकी कंपनीचा चिप-जुळणी प्रकल्प 22,516 कोटींचा. त्यात 50 टक्के केंद्राचे, 20 टक्के राज्याचे. जाहीर झालेल्या थेट नोकऱ्या 5,000. म्हणजे नोकरीमागे सरकारचे तीन कोटींहून जास्त. सभागृहात कुणी असले भागाकार करू लागला, की ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणा. गणित तिथंच थांबतं. (त्यात तथ्यही आहे, ही केवढी सोय!)

अर्थतज्ज्ञांना घाबरू नका. नोबेल मिळवणारे रॉबर्ट सोलो 1987 मध्ये म्हणाले होते की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. यातलं पहिलं अर्धं वाक्य फ्लेक्सवर छापा. आणि कचेरीत संगणक आले म्हणून कामाची रीत बदलायला जाऊ नका. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रिंट दोन प्रतींत, सही-शिक्क्यानिशी जमा करून घ्याच. झेरॉक्सवाल्याचा धंदा हाही डिजिटल रोजगारच.

फक्त यूपीआयसारखं काही करून बसू नका. 2016 मध्ये आलं आणि बघता बघता भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोचलं. 2020 पासून तिच्याकडून शुल्कही घेत नाहीत. छोट्या व्यवहारांपोटी बँकांना प्रोत्साहन म्हणून केंद्राने 2024-25 साठी मंजूर केले सुमारे 1,500 कोटी, म्हणजे साणंदमधल्या सरकारी वाट्याचा जेमतेम दहावा हिस्सा. ना जमीन, ना भूमिपूजन. कोनशिला बसवायची तरी कुठे?