खुलासा : ‘कुठलाही मोडेम आणा, भाडं वाचवा’ हे आपल्याकडे चालत नाही

गणपतीपासून आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘मोडेमचं भाडं भरू नका. बाजारातून स्वतःचा आणा, वायर जोडा, झालं काम.’

हा हिशेब अमेरिकेतला. तिथे पुष्कळ घरांत टीव्हीच्या जाड कोॲक्सियल केबलवरून ‘डॉक्सिस’ पद्धतीने इंटरनेट येतं. कंपनीने मान्य केलेला मोडेम ग्राहक स्वतः घेऊ शकतो, आणि मग त्याच्याकडून भाडं घ्यायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडे माडांमधून घरात शिरते ती बहुधा काचेची तार, फायबर. तिला डॉक्सिसचा मोडेम जोडताच येत नाही, लागतो ‘ओएनटी’, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं इंटरनेट करून देणारा डबा. त्यातही जीपॉन आणि ईपॉन अशा फायबरच्या दोन पद्धती आहेत, त्यातला कुठला हे पुरवठादाराच्या यंत्रणेशी जुळायला हवं. शिवाय त्या ओएनटीचा नंबर पुरवठादाराने स्वतःच्या यंत्रणेत नोंदवला नाही, तर डबा नुसता दिवे लावून बसतो. माझ्या भाच्याने तसाच एक आणलाय. सध्या तो कपाटावर धूळ खातोय. तेव्हा आधी केबलवाल्याला विचारा. पावतीही नीट वाचा, भाडं म्हणून जे वाटतं ते कधीकधी परत मिळणारी अनामत असते.

राउटर, म्हणजे घरात वायफाय पसरवणारा डबा, मात्र खुशाल स्वतःचा घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे पडवीत वायफाय पोचत नाही, ही आपली खरी अडचण. ओएनटीला लॅन वायरने जोडलेला दुसरा राउटर ती सोडवतो. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. फायबरमधून वीज येत नाही, ॲडॅप्टरमधून येते.