स्लोचा स्क्रू शेवटी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: ट्रकचा स्लो (एक्सलेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालतं तो) बसवण्यासाठी मी लोकांना उगाच पंपवाल्याच्या, म्हणजे इंजिनचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याच्या, दारात पाठवतो, तुमचा मिस्त्री चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करून स्क्रूला पाव फेरा देतो आणि गाडी चालायला लागते, शिवाय स्लो जरा चढाच बरा, ब्रेकची हवा पटकन भरते, केबिन थरथरत नाही.

पाव फेऱ्याला माझा विरोध नाहीच. एक्सलेटरची केबल बदलली, पंपाचं काम होऊन आलं, तर स्लो बसवावाच लागतो. माझं भांडण आहे ते काल बरोबर असलेला स्लो आज का उतरला हे न बघता स्क्रूला पाना लावण्याशी. स्क्रू आपणहून फिरत नाही, चेकनट घट्ट असेल तर नाहीच. मग बिघडलं दुसरंच काहीतरी.

जरा हिशोब करा. सहा सिलिंडरचं इंजिन 600 आरपीएमला (मिनिटाला 600 फेरे) चालतं तेव्हा प्रत्येक नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 300 वेळा डिझेल मारतं, सेकंदाला पाच वेळा. त्यातलं एक नोझल गळतंय किंवा नीट मारत नाही, की सेकंदाला पाच हिसके. तीच तुमची केबिनची थरथर. स्क्रू आत घेऊन स्लो 800 वर नेला की हिसके इतके जवळ येतात की अंगाला जाणवत नाहीत. नोझल मात्र तसंच. ते पिस्टनवर डिझेल गाळत राहतं, धूर सोडतं, ऑइल पातळ करतं, आणि तुम्ही म्हणता गाडी झकास झाली.

हे ओळखायला पंपवाला लागत नाही. गाडी स्लोला ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. चांगलं सिलिंडर कट झालं की इंजिनचा वेग लगेच उतरतो, आवाज बदलतो. ज्या नटाने काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. (हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत चालू इंजिनवर पाइपला हात लावू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.)

स्लो एकसारखा वरखाली होत असेल, ज्याला आपण हंटिंग म्हणतो, तर आधी डिझेल लाइनमध्ये हवा धरतेय का ते बघा. फिल्टरचं वॉशर, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बॅंजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट), टाकीकडून येणारा जुना रबरी पाइप. वॉशर बदलून हवा काढली की बऱ्याच गाड्या तिथेच शांत होतात. नाही झाल्या, तर मग गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग), आणि तेव्हा पंपवाला. म्हणजे पंप माझ्याही यादीत शेवटीच आहे.

चढ्या स्लोबद्दल. हवा लवकर भरते हे खरं, कॉम्प्रेसर इंजिनच्या वेगानेच फिरतो. पण त्यासाठी सकाळी चार मिनिटं पायाने रेस धरा की! कायमचा चढा स्लो घाटातल्या जाममध्ये महाग पडतो. कसाऱ्याला गाड्या मुंगीच्या पावलाने उतरताना पहिल्या गिअरलाही गाडी पुढे ढकलत राहते, ब्रेक दाबत बसावं लागतं, आणि वापरलेली हवा परत भरायची ती वेगळीच. उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं तेही ऐकलं असेलच.

आता पाव फेरा द्यायचाच, तर असा. इंजिन चांगलं गरम हवं. एसी, दिवे बंद. एक्सलेटर सोडल्यावर पंपाचा लिव्हर स्लोच्या स्क्रूला खरंच टेकतो का ते बोट लावून बघा. केबल ताणलेली असेल तर लिव्हर हवेतच राहतो, मग स्क्रू कितीही फिरवा, काही होत नाही. थोडं फिरवा, रेस देऊन एकदम सोडा. इंजिन बसून बंद पडता कामा नये आणि वर अडकूनही राहता कामा नये. चेकनट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळून झाल्यावर आरपीएम पुन्हा बघा. आणि तार-शिशाचं सील असलेला स्क्रू म्हणजे जास्तीत जास्त वेगाची मर्यादा. त्याला स्लोचा समजून हात लावलेल्या गाड्यांची इंजिनं कनेक्टिंग रॉड बाहेर येऊन संपलेली आहेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की बीएस 6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत हा स्क्रू कुठे सापडतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या गाडीत तो शोधू नका, स्लो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. स्लो आपोआप चढलेला दिसला तर इंजिन थंड असेल किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळून साफ होत असेल. मीटरवर डीपीएफचा दिवा लागलाय का ते बघा. साफ होताना गाडी मध्येच बंद केली तर काजळी साठत जाते, आणि मग वर्कशॉपला लॅपटॉप लावूनच ती जाळावी लागते.